किराणा भरता भरता टीव्ही घेतला, आता दुकान हात झटकतंय

नाशिकच्या एका वाचकताईंचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

«महिन्याचा किराणा आम्ही घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटमधून भरतो. डाळी, तेल, साबण घेऊन झालं की वरच्या मजल्यावर चक्कर होतेच. तिथून आधी ब्लूटूथ स्पीकर आणला. खोक्यावर १००० वॅट लिहिलंय, पण आवाज शेजारच्या खोलीतही नीट जात नाही. मग १०,००० एमएएचची पॉवर बँक आणली. तिने फोन दोनदाही पूर्ण चार्ज होत नाही. दसऱ्याला मात्र मोठी खरेदी केली, ४३ इंची स्मार्ट टीव्ही. ‘जीएसटी कपात आणि दसरा ऑफर, २४,००० चा टीव्ही २१,९९९ ला’ असा बोर्ड होता. क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआयने घेतला. टीव्ही पोचवायला आलेल्या दुकानाच्या मुलांनीच तो भिंतीवर लावून दिला आणि त्याचे ४०० रुपये घेतले. ऐन दिवाळीत पडद्यावर उभ्या रेघा आल्या आणि चार दिवसांत डावी बाजू काळी पडली. दुकानात गेलो तर म्हणाले, बिलावर लिहिलंय, एकदा विकलेला माल परत घेत नाही, कंपनीला फोन करा. बिलावर मुदत वगैरे काही नाही, फक्त ही एक ओळ आहे. कंपनीचा माणूस दोन आठवड्यांनी आला. फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, नव्या पॅनेलचे १४,००० पडतील असं सांगून गेला. टीव्हीबरोबर एक महिना ओटीटी मोफत होतं, आता त्याचेही पैसे खात्यातून कापले जातायत. यजमान म्हणतात, किराण्याच्या दुकानातून टीव्ही आणायला तुला कुणी सांगितलं होतं? खरंच माझं चुकलं का? टीव्हीचं काही होईल का? आणि फेब्रुवारीत नातवाला टॅब द्यायचा आहे, तो कुठून घेऊ?»

ताई, तुमचं चुकलं का हा प्रश्न तुम्ही पहिला विचारला आहे, पण मी टीव्हीपासून सुरुवात करते. तिथे दिवस महत्त्वाचे आहेत, आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ तुम्हाला कायद्यासारखी वाटली, कारण ती छापलेली होती. तो कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितलं आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यांतलीच एक. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत दुकानदाराला असा नकार देता येत नाही. तुमच्या बिलावर मुदत नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि रेघा दिवाळीत आल्या, म्हणजे तुम्ही दुकानाची पायरी चढलात तेव्हा तीस दिवस उलटलेले नव्हते. आवडला नाही म्हणून परत द्यायला तुम्ही गेला नव्हता. बिघडलेल्या वस्तूची तक्रार घेऊन गेला होता. पहिल्या बाबतीत दुकान नाही म्हणू शकतं, दुसऱ्या बाबतीत नाही.

एक कच्चा दुवा मात्र आहे. ती तक्रार तुम्ही तोंडी केलीत. तुम्ही कधी आला होता हे आम्हाला आठवत नाही, असं दुकान उद्या म्हणेल. म्हणून त्या दिवसांचे पुरावे आजच गोळा करा. दुकानाला किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेला केलेले फोन तुमच्या मोबाईलच्या यादीत असतील, त्यांचे स्क्रीनशॉट काढा, कारण ही यादी जुनी झाली की पुसली जाते. रेघांचे फोटो किंवा व्हिडिओ घरात कुणीतरी काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेच असतील. तो मेसेज पुसू नका, त्यावरची तारीख तुमच्या बाजूने बोलते. बिलाचाही आजच फोटो घ्या. सुपरमार्केटची बिलं उष्णतेवर छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत कोरी होतात. तुमचं बिल फिकट झालं असेल तर बिलिंग काउंटरवर दिलेल्या मोबाईल नंबरावरून दुकान दुसरी प्रत काढून देऊ शकतं. (खरं तर नंबर दिल्याशिवाय बिल मिळणार नाही असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच बजावलं आहे. तुम्ही नंबर दिला असेल तर आता तो उपयोगी पडू दे.) कार्डाचं स्टेटमेंटही जोडीला ठेवा.

आता ‘फिजिकल डॅमेज’बद्दल. हे दोन शब्द ऐकून लोक गप्प बसतात, कारण समोरचा तंत्रज्ञ असतो आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही असं वाटतं. पडद्याला बाहेरून मार बसला की बहुतेक वेळा माराच्या जागी ठिपका दिसतो आणि तिथून तडे किंवा शाईसारखे डाग पसरतात. सरळ उभ्या रेघा आणि एक बाजू काळी पडणं याचं कारण अनेकदा वेगळं असतं. पॅनेलच्या कडेला काचेवर अगदी पातळ फिल्मच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांतून पडद्याच्या एकेका भागाला सिग्नल जातो. तो जोड सुटला की त्या भागात रेघ येते किंवा तो भाग काळा पडतो. जोड कच्चा असला तरी हे होतं, आणि टीव्ही उचलताना किंवा लावताना पॅनेलच्या कडेवर दाब आला तरीही होतं. तुमच्या टीव्हीत नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगणार नाही. पण तंत्रज्ञाने ते कशावरून ठरवलं हे कागदावर मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो आला तेव्हा जॉबशीट, म्हणजे तपासणीत काय आढळलं त्याची नोंद, केली असेल, तिची प्रत कंपनीकडून ईमेलने मागवा. मार नेमका कुठे बसला, त्याचा फोटो कुठे आहे, हे लेखी विचारा. अनेकदा एवढं विचारल्यावरच कंपनीची भाषा बदलते.

आणि समजा, मार बसलेलाच आहे. तो कुणाच्या हातून बसला? खोकं तुमच्या घरी दुकानाच्या माणसांनी आणलं, त्यांनीच फोडलं, त्यांनीच टीव्ही भिंतीवर चढवला आणि त्याचे पैसे घेतले. त्यानंतर तो भिंतीवरून हललेला नाही. म्हणजे दोष कारखान्यातला असेल तर कंपनी जबाबदार, आणि नेताना-लावताना झाला असेल तर दुकान. दोन्हींमध्ये तुमचा हात कुठेच लागत नाही. म्हणून तक्रार एकट्या दुकानाविरुद्ध किंवा एकट्या कंपनीविरुद्ध करू नका, दोघांची नावं एकत्र घाला. वेगवेगळी केलीत की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तुम्ही मधल्या मधे फिरत राहाल. आत्ता तेच चाललंय.

पहिलं पत्र असं लिहा. दुकानाच्या व्यवस्थापकाला आणि बिलावर किंवा खोक्यावर छापलेल्या कंपनीच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही:

«मी दिनांक … रोजी आपल्या दुकानातून बिल क्रमांक … अन्वये … या मॉडेलचा ४३ इंची टीव्ही २१,९९९ रुपयांना घेतला. आपण पाठवलेल्या माणसांनी तो माझ्या घरी आणून भिंतीवर बसवला व त्याचे ४०० रुपये घेतले. दिनांक … रोजी पडद्यावर उभ्या रेघा आल्या व नंतर डावी बाजू बंद पडली. दिनांक … रोजी मी दुकानात येऊन तक्रार केली, तेव्हा माल परत घेण्यास नकार देण्यात आला. टीव्ही सदोष असून असा नकार ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत टीव्ही बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.»

यात एक शब्दही वाढवू नका. राग, अपमान, दिवाळी खराब गेली, पाहुण्यांसमोर लाज वाटली, हे सगळं खरं आहे, पण या पत्राला तारखा आणि आकडे पुरेत. मानसिक त्रासाची भरपाई मागायची जागा पुढे आयोगात आहे.

पत्र टाकलं की त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते, तुम्हाला एक नोंदणी क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यायला सांगितलं जातं. मोठ्या दुकानांच्या आणि ब्रँडच्या बाबतीत पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण दुकानातल्या काउंटरवरच्या मुलाला नकार द्यायचा अधिकार असतो, पैसे परत द्यायचा नसतो. तुमची तक्रार तो अधिकार असलेल्या माणसाच्या टेबलावर पोचली पाहिजे.

तिथेही नाही मिटलं, तर जिल्हा आयोग. आयोग म्हटलं की कोर्ट, वकील, वर्षानुवर्षं खेटे असं डोळ्यांसमोर येतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की चेन्नईत. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही फार मोठी सोय आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरून चला. नाशिकमध्ये ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते आहेत का ते विचारा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ही चळवळ सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. अशा कामात मुरलेल्या माणसाने तुमच्या कागदांवरून एकदा नजर फिरवली तर खूप फरक पडतो.

मधल्या काळात तीन गोष्टी सांभाळा. टीव्ही कुणाही बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. उघडला की कंपनीला हवं ते कारण आयतं मिळेल. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायचा विचारही करू नका, तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. आणि हप्ते थांबवू नका. टीव्ही बिघडलेला असताना पैसे भरत राहणं जिवावर येतं, मला समजतं. पण तुमचं कर्ज बँकेशी आहे, दुकानाशी नाही. हप्ता चुकला की दंड आणि व्याज तुम्हाला लागेल, सिबिल तुमचं खराब होईल, आणि दुकानाला त्याची झळही लागणार नाही.

नो कॉस्ट ईएमआयचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. शून्य टक्के व्याज अशी चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना खडसावून सांगितलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. एकतर ते सवलत म्हणून वजा दाखवतात, नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. त्यावर प्रोसेसिंग फी, आणि व्याजावर व फीवर १८ टक्के जीएसटी. कार्डाचं स्टेटमेंट उघडून बघा, या रकमा वेगळ्या ओळीत दिसतील.

तो बोर्डही जरा तपासून पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तुमचा टीव्ही कर धरून २४,००० चा होता असं मानलं, तर कराशिवाय त्याची किंमत होते १८,७५०. त्यावर १८ टक्के कर लावला की २२,१२५. तुम्ही दिले २१,९९९. म्हणजे दोन हजारांच्या सवलतीतले जवळजवळ सगळे पैसे सरकारने कमी केलेल्या कराचे होते, आणि दुकानाची दसरा ऑफर होती १२६ रुपयांची. यात बेकायदा काही नाही. पण दसरा ऑफर संपेल म्हणून तुमची घाई झाली असेल, तर तिला आधार नव्हता. कर दिवाळीतही तेवढाच होता, आजही तेवढाच आहे.

यजमानांनी विचारलेल्या प्रश्नाला आता उत्तर देते. टीव्ही सुपरमार्केटमधून घेतला यात चूक काहीच नाही. मोठ्या साखळीचं दुकान पक्कं बिल देतं, कुठे पळून जात नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. गल्लीतल्या बिनबिलाच्या व्यवहारापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण एक गोष्ट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळं तिथेच घसरतं. आपण डाळ ज्या विश्वासाने उचलतो, त्याच विश्वासाने वरच्या मजल्यावरचा टीव्ही उचलतो. इतकी वर्षं या दुकानाची तूरडाळ चांगली निघाली, तर टीव्हीही चांगलाच असेल, असं मन सांगतं. डाळ मात्र घरी आली, शिजली, संपली. टीव्ही घरी आला की त्याचा व्यवहार सुरू होतो, आणि पुढची पाच-सात वर्षं त्याला कुणीतरी वाली लागतो. म्हणून सुपरमार्केटमध्ये यंत्र घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. बिघडला तर माझ्या घरी कोण येणार, हा पहिला प्रश्न.

तुम्हाला टीव्ही दाखवणारा, गोड बोलणारा मुलगा आठवतो ना? त्याच्या शर्टावर ब्रँडचं नाव होतं का ते आठवून बघा. अशा मजल्यांवर बोलणारी बरीच मुलं दुकानाची नोकर नसतात. ब्रँडने ठेवलेली प्रमोटर असतात, आणि त्यांची कमाई त्या ब्रँडच्या विक्रीला बांधलेली असते. ती मुलं वाईट नसतात, पण शेजारचं मॉडेल चांगलं आहे असं ती सांगणार नाहीत. दुकानात टीव्हीचं चित्र इतकं झगमगीत दिसतं त्यालाही कारण आहे. दुकानासाठी टीव्हीत वेगळी सेटिंग असते, त्यात उजेड आणि रंग चढवलेले असतात, आणि फिरत्या व्हिडिओत फुलं, मासे, रंगीत पोपट असतात. तुम्ही घरी बघणार आहात बातम्या, मालिका आणि क्रिकेट. म्हणून घरून पेनड्राइव्हवर एखाद्या मालिकेचा साधा भाग घेऊन जा आणि तो लावायला सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या टीव्हीकडे वळा. खोक्यावर ‘४के सपोर्ट’ असेल तर विचारा, पॅनेल किती बाय किती? १३६६ बाय ७६८ म्हणजे एचडी रेडी, १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी, आणि ३८४० बाय २१६० असेल तरच ४के. सपोर्ट म्हणजे ४के व्हिडिओ चालेल एवढंच, दिसेल तो पॅनेलच्या कुवतीप्रमाणे.

दुकानाचा स्वतःचा ब्रँड घेताना आणखी सावध राहा. स्वस्त असतो, कधी कधी खरंच चांगलाही असतो. पण त्या ब्रँडचं आयुष्य दुकानाच्या आयुष्याला बांधलेलं असतं. २००१ मध्ये सुरू झालेलं बिग बझार देशभर पसरलं, त्यांचा कोरियो नावाचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक्स ब्रँड होता, आणि २०२२ मध्ये ती दुकानंच बंद झाली. एवढं मोठं दुकान बंद पडेल असं त्या आधी फार थोड्या लोकांना वाटलं असेल.

स्पीकरच्या १००० वॅटबद्दल. त्या आकड्याजवळ बारीक अक्षरात पीएमपीओ असं लिहिलेलं असेल. हा आकडा कसा काढायचा याला काही ठराविक मोजमाप नाही, म्हणून तो कितीही फुगवता येतो. कामाचा आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे स्पीकर सलग देऊ शकतो त्या ताकदीचा. खोटेपणा पकडायला साधं गणित पुरतं. अशा छोट्या स्पीकरमध्ये बहुतेक १२०० एमएएचची, ३.७ व्होल्टची बॅटरी असते. १.२ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ४.४ वॅट-तास. खोक्यावर ‘४ तास चालेल’ असं असेल तर सरासरी एक वॅटच्या आसपासच ताकद मिळते. त्यातून १००० वॅटचा आवाज कसा निघणार? तुमच्या स्पीकरमध्ये बिघाड नाही, आकडाच फसवा आहे. पाच-दहा आरएमएस वॅटचा स्पीकर स्वयंपाकघरात गाणी ऐकायला छान चालतो, तेवढ्याच अपेक्षेने घ्यावा.

पॉवर बँकेत मात्र तुमची फसवणूक झालेली नसावी. १०,००० एमएएच ही आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची क्षमता. फोनला ती वीज ५ व्होल्टला जाते, म्हणजे उरतात ७,४०० एमएएच, आणि त्यातही काही उष्णतेत जातात. हातात येतात साधारण सहा हजार. पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, ती वाचा, ती बहुतेक या आकड्याजवळच असेल. ५,००० एमएएचची बॅटरी असलेला फोन त्यात एकदा भरून थोडा आणखी चार्ज होतो. तुमचा अनुभव हाच आहे.

पॉवर बँक, चार्जर, ब्लूटूथ स्पीकर, टीव्ही, टॅब या सगळ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप फोनवर घ्या आणि तो नंबर त्यात टाकून बघा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला तर खोकं परत ठेवा. बॅटरीच्या वस्तूंमध्ये हे आगीच्या धोक्याशी जोडलेलं आहे, म्हणून इथे तडजोड करू नका.

ओटीटीचे पैसे थांबवणं सोपं आहे. मोफत महिना चालू करताना तुम्ही ऑटोपेला संमती दिली असेल. यूपीआयने दिली असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा विभाग असतो, तिथे ती रद्द करा. कार्डाने दिली असेल तर बँकेच्या ॲपमधून. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आलाच नसेल तर बँकेकडे तक्रार करा. टीव्हीवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं होत नाही, ही गैरसमजूत फार घरांत आहे.

राहिला नातवाचा टॅब. माझं मत विचाराल तर तो त्या मजल्यावरून घेऊ नका. सुपरमार्केटमध्ये टॅबची चार-दोनच मॉडेलं असतात आणि ती पुष्कळदा जुनी असतात. जुन्या टॅबमध्ये अँड्रॉइडचं जुनं व्हर्जन असतं, सुरक्षेचे अपडेट लवकर थांबतात आणि काही ॲप चालेनाशी होतात. मुलाच्या हातात द्यायच्या वस्तूत हे चालणार नाही. मोबाईल-टॅबच्या दुकानात जा, खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष बघा, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज घ्या. सिमकार्डाचं मॉडेल नको, घरच्या वायफायवर चालणारं पुरे. काउंटरवरच खोकं फोडायला सांगा, टॅब चालू करा, पडदा पूर्ण पांढरा करून बघा, कॅमेरा आणि माइक तपासा, मग बिल करा. बिलावर मॉडेल नंबर आणि आयएमईआय किंवा सीरियल नंबर असलाच पाहिजे.

आणि पैसे देण्याआधी, तिथे दुकानात उभं राहूनच, खोक्यावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावा. नाशिकमध्ये सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. पत्ता सांगितला तर घ्या. लाइन लागली नाही किंवा ‘मुंबईला पाठवावा लागेल’ म्हणाले, तर त्या दुकानात त्याच किमतीत दुसऱ्या ब्रँडचा टॅब नक्की असेल, तो दाखवायला सांगा.

जॉबशीटची प्रत आली की मला पाठवा. तंत्रज्ञाने त्यात काय लिहिलंय ते बघून आयोगाकडच्या तक्रारीचा मसुदा कसा करायचा ते कळवते.